पिचीची : बिल्बाओचा फुटबॉलपटु

क्रीडांगणावर मिळणारी कीर्ति ही फार चंचल वस्तु आहे. सामना जिंकून देणाऱ्या खेळाडूला आज जे लोक डोक्यावर घेऊन नाचतात, तेच लोक उद्यां त्याचा एखादा टोला चुकतांच त्याची हेटाळणी करण्यास मागेंपुढें पाहत नाहींत. शाळाशाळांच्या सामन्यांतहि हा अनुभव थोड्याबहुत प्रमाणानें येतोच; मग जेथें हजारों प्रेक्षक जमतात, तेथील गोष्ट काय सांगावी! या चंचल कीर्तीचे सुख आणि दुःख हीं दोन्हीं ज्यानें पुरतेपणीं भोगलीं, अशा एका स्पॅनिश खेळाडूचें चरित्र आम्ही आज आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों. तो वयाच्या तिशीच्या आंतच, १९२२ सालीं, हें जग सोडून गेला. परंतु त्याचें नांव आजहि स्पेन देशांत दरवर्षीं घेतलें जातें, आणि तें घेणारांपैकीं पुष्कळांना तो मनुष्य कोण होता याची कल्पनाहि नसते. तें नांव म्हणजे पिचीची.

त्याच्या चरित्राकडे वळण्यापूर्वीं फुटबॉलचा खेळ स्पेनमध्यें कसा आला, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. फुटबॉलचे नियम इंग्लंडांत १८६३ सालीं बांधले गेले. आणि इंग्रज व्यापारी, खलाशी व खाणींतील कामगार जेथें जेथें गेले, तेथें तेथें चेंडूहि त्यांच्याबरोबर गेला. स्पेनच्या दक्षिणेस रिओ तिंतो येथें तांब्याच्या मोठ्या खाणी आहेत. त्या इंग्रज कंपनीच्या हातीं होत्या, व त्यांच्याच जवळ उएल्वा या बंदरीं १८८९ सालीं स्पेनमधील सर्वांत जुना फुटबॉल क्लब निघाला. उत्तरेस बिल्बाओ शहरीं हेंच कार्य लोखंडानें केलें. बिल्बाओच्या आसपासच्या डोंगरांत लोखंडाची खनिज माती विपुल सांपडे; ती इंग्लंडला नेण्यासाठीं जहाजें येत, आणि येतांना तीं दगडी कोळसा आणीत. हीं जहाजें नदींत नांगरून पडलीं, कीं खलाशी कांठच्या मोकळ्या जागेंत चेंडू खेळत. त्या जागेला बिल्बाओचे लोक इंग्रजांचें मैदान असेंच म्हणूं लागले होते.

गांवचीं मुलें प्रथम कांठावर उभीं राहून हा विचित्र खेळ पाहत. पुढें तीं बाहेर गेलेला चेंडू परत लाथाडूं लागलीं. आणि पाहतां पाहतां शहरांतील तरुणांनीं इंग्रजांशीं सामना खेळण्याचें धाडस केलें. १८९४ सालीं लामियाको येथें झालेल्या त्या सामन्यांत इंग्रजांनीं पांच गोल केले, स्थानिक तरुणांना एकहि करतां आला नाहीं. पण पराभवानें हे लोक खचले नाहींत. इंग्लंडांत शिक्षणास गेलेले कांहीं विद्यार्थी परत आले, व्यायामशाळेंत जाणारे कांहीं तरुण त्यांना मिळाले, आणि त्यांतून अ‍ॅथलेटिक क्लब उभा राहिला. हा क्लब आपला जन्म १८९८ सालचा मानतो, आणि त्याचें इंग्रजी वळणाचें नांव त्याच्या उगमाची साक्ष अद्यापि देत आहे. त्याचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सदराहि इंग्लंडांतूनच आला. १९०९ च्या अखेरीस हुआन एलोर्दुई नांवाचा सभासद साउदॅम्प्टनहून कांहीं सदरे खरेदी करून घेऊन आला, आणि १९१० पासून तोच क्लबाचा पोषाख ठरला.

अशा या काळांत व अशा या शहरांत, ता. २३ मे १८९२ रोजीं, राफाएल मोरेनो आरान्थादी याचा जन्म झाला. घराणें सुखवस्तु व प्रतिष्ठित होतें. पिता होआकीन मोरेनो हे वकील असून त्यांनीं बिल्बाओचें नगराध्यक्षपदहि भूषविलें होतें. मातेच्या बाजूनें प्रसिद्ध लेखक व तत्त्वचिंतक मिगेल दे उनामुनो हे त्याचे आप्त होते. नात्यानें मामा लागणारे हे गृहस्थ सालामांकाच्या पुरातन विद्यापीठाचे कुलगुरु. एकाच कुळांत एकानें लेखणीनें नांव मिळवावें व दुसऱ्यानें पायांनीं, हा योग मोठा मौजेचा खरा! राफाएल हा अंगापिंडानें अगदींच लहान होता. पुढें पूर्ण वाढ झाल्यावरहि त्याची उंची पांच फुटांहून फारशी अधिक नव्हती. या लहानखुऱ्या चणीमुळेंच लहानपणीं त्याला पिचीची हें लाडकें टोपणनांव पडलें. आपल्याकडे चिमण्या मुलाला जसें पिल्लू म्हणतात, त्याच जातीचें तें नांव. मोठेपणीं असलीं नांवें बहुधा गळून पडतात. पण या मुलाच्या बाबतींत उलट झालें. खरें नांव मागें पडलें व पिचीची हेंच जगाला ठाऊक झालें.

या मुलाच्या विद्याभ्यासाविषयीं आम्ही पालकवर्गापासून कांहीं लपवून ठेवूं इच्छीत नाहीं. तो अभ्यासांत हुषार नव्हता. त्याचें शिक्षण धर्मगुरूंनीं चालविलेल्या शाळांत झालें. तेथील शिस्त चांगली होती. परंतु त्याचें चित्त पुस्तकापेक्षां चेंडूकडेच अधिक ओढ घेई. पित्याप्रमाणें त्यानेंहि कायद्याचा अभ्यास करावा, म्हणून त्याला देउस्तो येथील विद्यापीठांत घालण्यांत आलें. पण तो अभ्यास त्यानें पुरा केला नाहीं. घरच्या मंडळींना त्याचें वाईट वाटलें नसेल, असें कोण म्हणेल? वकिलाचा मुलगा, नगराध्यक्षाचा मुलगा, आणि दिवसभर चेंडूच्या मागें धांवतो! त्यांतहि तेव्हां या खेळांत पैसा नव्हता. स्पेनमध्यें खेळाडूला उघडपणें वेतन देण्याची पद्धति १९२६ सालीं मान्य झाली. तोंपर्यंत जो खेळे तो केवळ हौसेनें व क्लबाच्या अभिमानानें खेळे. यास्तव आजच्या विद्यार्थ्यानें पिचीचीचें उदाहरण पुढें करून पुस्तक फेंकून देऊं नये. त्यानें जें सोडलें त्याची किंमत त्यानें मोजली होती, व घरच्या सुस्थितीमुळेंच ती त्याला मोजतां आली, हें ध्यानांत ठेवावें.

सुमारें अठरा-एकोणीस वर्षांचा असतांना तो अ‍ॅथलेटिक क्लबांत दाखल झाला, आणि पुढें अखेरपर्यंत त्याच एका क्लबाचा होऊन राहिला. पुढच्या फळींत मध्याच्या डाव्या बाजूस तो खेळे. त्या काळचा फुटबॉल हा बव्हंशीं धक्काबुक्कीचा खेळ होता. उंच व धिप्पाड गडी पसंत केले जात, आणि चेंडू लांबवर उडवून त्याच्यामागें सर्वांनीं धांवावयाचें, एवढेंच पुष्कळांचें कसब होतें. अशा गड्यांच्या घोळक्यांत हा ठेंगणा तरुण शिरला म्हणजे प्रथम पाहणारांना हंसूं येई. परंतु चेंडू एकदां त्याच्या पायाशीं आला, कीं तें हंसूं मावळत असे. चेंडू पायाजवळ ठेवून समोरच्याला हुलकावणी द्यावी, दोघांच्या मधून निसटावें, आणि गोलरक्षक सावध होण्यापूर्वींच टोला हाणावा, ही त्याची रीत. देवानें जें अंग लहान दिलें, त्याचीच त्यानें शक्ति करून घेतली.

त्याची आणखी एक खूण होती. डोक्याला पांढरें फडकें टोपीसारखें बांधून तो मैदानांत उतरे. ही नुसती ऐट नव्हती. त्या काळचा चेंडू जाड चामड्याचा असे. आंतील फुगा भरल्यावर त्याचें तोंड वादीनें शिवून टाकीत, आणि ती शिवण वर उभी राही. पावसांत भिजून चेंडू जड झाला, कीं डोक्यानें मारतांना ही वादी कपाळ सोलून काढी. बिल्बाओ तर पावसाचें गांव! तेव्हां फडकें बांधणें हा शहाणपणाच होता. पण प्रेक्षकांना त्याचा दुसराच उपयोग झाला. चिखलानें सर्वांचे सदरे सारखे झाले, तरी तें पांढरें टिकलें जिकडे हालतांना दिसे, तिकडे पिचीची आहे हें दूरवरूनहि समजे, आणि सर्वांच्या नजरा तिकडे लागत.

क्लबाला आरंभीं स्वतःचें असें चांगलें मैदान नव्हतें. पूर्वीं जेथें घोड्यांच्या शर्यती होत, त्या लामियाकोच्या जागेंत सामने चालत. नंतर कांहीं काळ होलासेता येथें ते होऊं लागले. शेवटीं शहराच्याच कडेला नवें क्रीडांगण बांधण्यांत आलें. जवळच संत मामेस यांचें देवस्थान असल्यामुळें क्रीडांगणालाहि सान मामेस हेंच नांव पडलें. हे संत प्राचीन काळचे हुतात्मे. त्यांना सिंहांपुढें टाकण्यांत आलें असतां सिंह त्यांच्या पायाशीं शांत बसले, अशी कथा आहे. आणि म्हणूनच अ‍ॅथलेटिकच्या खेळाडूंना लोक सिंह म्हणतात. ता. २१ ऑगस्ट १९१३ रोजीं या क्रीडांगणाचें उद्घाटन झालें. फ्रान्सच्या सरहद्दीवरील इरून गांवच्या रेसिंग क्लबाशीं सामना होता. याच इरूनच्या संघानें त्याच वर्षीं चषकाच्या अंतिम सामन्यांत अ‍ॅथलेटिकला हार खावयास लाविलें होतें, तेव्हां चुरस मोठी होती. सामना एकास एक असा बरोबरींत सुटला. परंतु सान मामेसच्या जाळ्यांत गेलेला पहिला गोल पिचीचीच्या पायांतून आला. पुढें त्या मैदानावर शंभर वर्षें खेळ झाला, हजारों गोल झाले. पण पहिला कोणाचा, या प्रश्नाचें उत्तर एकच राहिलें.

त्यानंतरचीं तीन वर्षें ही पिचीचीच्या वैभवाचीं वर्षें होत. त्या काळीं स्पेनमध्यें आजच्यासारखी साखळी-सामन्यांची राष्ट्रीय स्पर्धा नव्हती. राजा तेरावा आल्फोन्सो यानें राज्यसूत्रें हातीं घेतलीं, त्या उत्सवानिमित्त १९०२ सालीं चषकासाठीं सामने भरविण्यांत आले, व पुढच्या वर्षापासून राजाच्या नांवाचा चषक सुरू झाला. प्रत्येक प्रांतांतील विजयी संघांनीं एकत्र येऊन या चषकासाठीं लढावयाचें, आणि जो जिंकील तो देशांतील श्रेष्ठ. १९१४ सालीं इरून येथें झालेल्या अंतिम सामन्यांत अ‍ॅथलेटिकनें बार्सेलोनाच्या एस्पान्या संघाला दोन विरुद्ध एक गोलानें हरविलें. १९१५ सालीं पुन्हां इरून येथेंच एस्पान्योल संघाचा पांच गोलांनीं धुव्वा उडविला; त्या पांचांपैकीं तीन गोल एकट्या पिचीचीचे. १९१६ सालीं बार्सेलोना येथें माद्रिदच्या संघावर चार गोलांनीं विजय मिळाला. असा लागोपाठ तीन वर्षें चषक बिल्बाओकडे आला. या यशांत विलियम बार्न्स या इंग्रज शिक्षकाचाहि वांटा होता. त्यानें खेळाडूंना केवळ धांवण्याऐवजीं चेंडू दोन्ही कडांकडे लांब टाकून मग मध्यें आणण्याची शिस्त लाविली. शिस्त बार्न्सची, परंतु शेवटचा टोला पिचीचीचा, असें त्या संघाचें वर्णन करतां येईल.

या काळांत पिचीची हा बिल्बाओच्या घराघरांतील विषय झाला होता. खेळाडू केवळ खेळाडू न राहतां साऱ्या गांवाचा गडी होतो, हा प्रकार स्पेनमध्यें जवळजवळ त्याच्यापासून सुरू झाला असें म्हणावयास हरकत नाहीं. औरेलियो आर्तेता नांवाच्या बिल्बाओच्याच नामांकित चित्रकारानें या सुमारास एक चित्र काढलें. त्यांत लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घातलेला एक खेळाडू मैदानाच्या कठड्यापाशीं उभा राहून एका तरुणीशीं बोलत आहे. हा खेळाडू पिचीची, आणि ती तरुणी म्हणजे पुढें त्याची पत्नी झालेली आवेलीना होय, असें मानतात. चित्रकारांनीं राजे, सेनापति व साधुसंत रंगवावे हें सर्वांना ठाऊक होतें. एका चेंडू खेळणाऱ्या तरुणाला चित्रांत स्थान मिळावें, यावरून काळ कसा पालटत होता, हें दिसून येतें.

१९१४ ते १९१८ पर्यंत युरोपांत महायुद्ध चाललें होतें. स्पेन त्यांत पडला नाहीं, म्हणून तेथील खेळ बंद पडले नाहींत. परंतु १९१६ चे ऑलिंपिक सामने रद्द झाले, आणि इतर देशांशीं खेळण्याचा प्रसंगच उरला नाहीं. युद्ध संपल्यावर १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प शहरीं ऑलिंपिक सामने भरले. याच अँटवर्पला सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानें हिंदुस्थानांतूनहि कांहीं खेळाडू गेले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांवरून टाटांच्या मनांत ती कल्पना आली होती. बेळगांवकडील फडेप्पा चौगुले यांनीं मॅरेथॉनची शर्यत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला, आणि कुस्तींत रणधीर शिंदे यांचा क्रमांक चवथा आला. ज्या उन्हाळ्यांत आपले हे मराठी गडी त्या परक्या शहरांत झगडत होते, त्याच उन्हाळ्यांत स्पेननें आपला पहिला राष्ट्रीय फुटबॉल संघ तेथें धाडला, आणि त्यांत पिचीची होता. त्याचें वय तेव्हां अठ्ठावीस वर्षांचें होतें.

त्या संघांत पुढें कीर्ति पावलेले पुष्कळ गडी होते. गोल सांभाळण्यास एकोणीस वर्षांचा रिकार्दो थामोरा होता. मध्यभागीं बिल्बाओचाच होसे मारिया बेलाउस्ते हा पहाडासारखा पुरुष होता. बेलाउस्तेच्या शेजारीं पिचीची उभा राहिला म्हणजे ताडाखालीं रोपटें दिसावें, तसें दिसत असेल! ता. २८ ऑगस्ट रोजीं ब्रसेल्स येथें पहिला सामना बलाढ्य डेन्मार्कशीं झाला. डेन्मार्कनें मागील दोन्ही ऑलिंपिकांत दुसरा क्रमांक पटकावला होता. त्याच्यापुढें या नवशिक्यांचा टिकाव लागेल, असें फारसें कोणास वाटत नव्हतें. परंतु इरूनच्या पात्रिथियो या खेळाडूनें एक गोल केला, थामोरानें आपला गोल अभेद्य राखला, आणि स्पेनच्या राष्ट्रीय संघानें आपला पहिलाच सामना जिंकला. दुसऱ्याच दिवशीं, अंगाचा शीण उतरण्यापूर्वींच, यजमान बेल्जमशीं गांठ पडली, व तींत तीन विरुद्ध एक गोलानें पराभव झाला.

सुवर्णपदकाची आशा संपली. तरी दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकासाठीं निराळे सामने व्हावयाचे होते. ता. १ सप्टेंबर रोजीं स्वीडनशीं झालेला सामना एखाद्या लढाईसारखा झाला. स्वीडनचा एक गोल आधीं झाला होता. तेव्हां बेलाउस्ते उंचावरून आलेल्या चेंडूवर तुटून पडला, आणि विरुद्ध बाजूच्या गड्यांना अंगावर घेऊनच चेंडूसकट जाळ्यांत शिरला. आथेदोनें दुसरा गोल केला व सामना जिंकला. दुसऱ्या दिवशीं इटलीचा पराभव झाला. ते दोन्ही गोल सेसुमागाचे. त्याच दिवशीं अंतिम सामन्यांत चेकोस्लोव्हाकियाचा संघ पंचाच्या निर्णयांवर रागावून खेळ अर्धा टाकून निघून गेला, म्हणून तो स्पर्धेंतून बाद झाला. त्यामुळें ता. ५ सप्टेंबरचा स्पेन-हॉलंड सामना रौप्यपदकाचा ठरला. त्यांत सेसुमागानें दोन गोल केले, आणि तिसरा पिचीचीनें. तीन विरुद्ध एक असा जय मिळवून स्पेननें रौप्यपदक घेतलें. पिचीची या पांचहि सामन्यांत खेळला. नऊ दिवसांत पांच सामने, आणि त्या काळीं थकलेल्या गड्याऐवजीं दुसरा घेण्याची सोय नव्हती! राष्ट्रासाठीं तो खेळला ते सामने एवढेच, व राष्ट्रासाठीं त्यानें केलेला गोलहि तो एकच.

येथवरची कथा वाचून वाचकांस वाटेल, कीं अशा मनुष्याचा पुढील काळ मानसन्मानांतच गेला असेल. परंतु तसें झालें नाहीं. वय वाढत होतें, पायांतील चपळाई पूर्वींइतकी राहिली नव्हती. आणि प्रेक्षकांना मात्र १९१५ सालचा पिचीचीच दर रविवारीं पाहिजे होता. ऑलिंपिकच्या आधींच, १९२० च्या चषकाच्या अंतिम सामन्यांत, अ‍ॅथलेटिकला बार्सेलोनाकडून दोन गोलांनीं हार खावी लागली होती. चेंडू त्याच्या पायांतून निसटला, कीं कठड्यावरून शिट्ट्या ऐकूं येऊं लागल्या. तो गर्विष्ठ झाला आहे, क्लबानें त्याला डोक्यावर चढवून ठेवलें आहे, अशी टीका होऊं लागली. ज्या सान मामेसच्या मैदानावर पहिला गोल त्यानें केला, त्याच मैदानावर त्याच्याच गांवचे लोक त्याची थट्टा करूं लागले. ज्याच्यावर परके लोक शिट्ट्या मारतात, त्याला घरीं परतल्यावर विसांवा मिळतो; पण घरचेच लोक शिट्ट्या मारूं लागले तर त्यानें कोठें जावें?

पिचीचीनें भांडण केलें नाहीं. दुसऱ्या क्लबाकडे जाऊन आपल्या गांवावर सूड उगविण्याचा मार्गहि त्यानें पत्करला नाहीं. १९२१ सालीं अ‍ॅथलेटिकनें पुन्हां एकदां चषक मिळविला, तो पिचीचीच्या नांवावरचा चवथा चषक होय. त्याच वर्षीं एकोणतीस वर्षांच्या वयांत त्यानें खेळाडू म्हणून मैदानाचा निरोप घेतला. परंतु ज्या खेळासाठीं आयुष्य वेचलें, त्याचा वियोग त्याला सोसवेना. म्हणून त्यानें पंचाची शिटी हातीं घेतली. पंचाचें काम म्हणजे मोबदल्यांत शिव्याच खाण्याचें काम, हें आमच्या खेळाडू वाचकांस सांगावयास नको. प्रेक्षकांच्या शिट्ट्यांनीं दुखावलेला मनुष्य पुन्हां त्याच प्रेक्षकांपुढें उभा राहण्यास तयार होतो, यांतच त्याचें खेळावरील प्रेम किती निर्मळ होतें, हें दिसतें.

परंतु हें नवें जीवन त्याला लाभावयाचें नव्हतें. १९२२ च्या आरंभीं त्याला टायफस नांवाच्या दुष्ट ज्वरानें गांठलें. दूषित कालवें खाण्यांत आल्यामुळें हा आजार जडला, असें सांगतात. त्या काळीं असल्या ज्वरावर रामबाण औषध नव्हतें. आज ज्या औषधांनीं असे रोगी बरे होतात, त्यांचा शोध पुढें लागावयाचा होता. दुखणें थोड्याच अवधींत विकोपास गेलें, आणि ता. १ मार्च १९२२ रोजीं पिचीचीनें देह ठेवला. वयास तीस वर्षें पुरीं होण्यास अद्यापि जवळजवळ तीन महिने होते. मागें तरुण पत्नी व एक लहान मुलगी राहिली.

त्याच्या मृत्यूची वार्ता पसरली, तेव्हां सारें बिल्बाओ हळहळलें. ज्यांनीं टाळ्या वाजविल्या होत्या त्यांना दुःख झालें, हें उघडच आहे. पण ज्यांनीं शिट्ट्या मारल्या होत्या, त्यांच्या मनाला काय वाटलें असेल? क्षमा मागावी तर ज्याची मागावयाची तो माणूसच उरला नव्हता. १९२६ सालीं सान मामेसच्या मैदानावर पिचीचीचा अर्धपुतळा बसविण्यांत आला. तो किंतीन दे तोर्रे या शिल्पकारानें घडविला. पुढच्याच वर्षीं हंगेरींतील बुडापेस्ट शहरचा एम्. टी. के. हा संघ बिल्बाओस खेळावयास आला असतां त्यानें या पुतळ्यापुढें फुलें वाहिलीं. तेव्हांपासून प्रघात पडला, कीं सान मामेसवर जो संघ प्रथमच खेळावयास येईल, त्याच्या नायकानें सामन्यापूर्वीं पिचीचीच्या पुतळ्यापाशीं पुष्पगुच्छ ठेवावा. जुनें क्रीडांगण २०१३ सालीं पाडण्यांत आलें आणि त्याच्या लगतच नवें उभें राहिलें; पुतळाहि नव्या क्रीडांगणांत नेण्यांत आला, व फुलांची रीत तशीच चालू राहिली.

स्पेनमधील राष्ट्रीय साखळी-सामने १९२९ सालीं सुरू झाले. म्हणजे पिचीची त्यांतील एकहि सामना खेळला नाहीं. तरीहि माद्रिदचें मार्का हें क्रीडाविषयक दैनिक त्या सामन्यांत सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूस १९५३ पासून जें पारितोषिक देत आलें आहे, त्याला नांव पिचीचीचें आहे. सर्वाधिक गोल करण्याचा हा मान बिल्बाओच्याच तेल्मो थार्रा यानें सहा वेळां मिळविला, आणि अर्जेंटिनाच्या लिओनेल मेस्सी यानें आठ वेळां. गोल रोखण्यांत जो श्रेष्ठ ठरेल त्या गोलरक्षकासाठीं त्याच दैनिकानें दुसरें पारितोषिक ठेविलें, त्याला थामोराचें नांव दिलें. अँटवर्पच्या एकाच संघांत एक पुढें धांवत होता व दुसरा मागें उभा होता. आज त्या दोघांचीं नांवें एकाच देशांत एकाच दिवशीं घेतलीं जातात. किंबहुना पिचीची हा शब्द तेथें सामान्यनामच होऊन बसला आहे. ज्याचे गोल सर्वांहून अधिक, तो त्या वर्षाचा पिचीची.

या चरित्रावरून आम्हांस दोन गोष्टी विशेष लक्षांत घ्याव्याशा वाटतात. पहिली खेळणारांसाठीं : देहाचें ठेंगणेपण हें अपात्रतेचें कारण नव्हे. अंगीं जें कमी आहे त्याचें रडगाणें न गातां, जें आहे त्याचाच उपयोग कसा होईल, याचा विचार पिचीचीनें केला व आपल्याहून हात-हात उंच गड्यांना चकविलें. दुसरी गोष्ट पाहणारांसाठीं, आणि आमच्या मतें ती अधिक महत्त्वाची : बिल्बाओच्या लोकांनीं पुतळ्याला वाहिलेलीं फुलें सुंदर होतीं, पण तीं ज्याच्यासाठीं होतीं त्याला तीं दिसलीं नाहींत. १९२१ च्या एखाद्या रविवारीं, चेंडू त्याच्या पायांतून निसटला असतां, त्यांतल्या कांहींनीं शिटीऐवजीं टाळी दिली असती, तर ती एक टाळी त्या साऱ्या फुलांहून मोलाची झाली असती. आपल्या गांवच्या, आपल्या वर्गाच्या, आपल्या संघाच्या खेळाडूचा टोला चुकेल, तेव्हां आमच्या वाचकांनीं हें आठवावें, एवढीच आमची विनंति आहे.